नम्रता म्हणजे देवावर अवलंबून राहणे

अभ्यासासाठी वचने: १ पेत्र ५:५-७, योहान १३:१-१७, मत्तय ५:३, १ करिंथ ४:७, अनुवाद ११:१०-१५, २ करिंथ १२:७-१०



नम्रतेविषयी आपण सगळ्यांनी अनेक संदेश ऐकले आहेत. नम्र असावे हे कोणालाच नाकबूल नाही. तरीही हा विषय पुन्हा अभ्यासाला घ्यावा लागतो, कारण नम्रता म्हणजे नेमके काय, याविषयी आपली कल्पना पुष्कळदा अर्धवट असते. आपण तिला स्वभावाचा गुण समजतो. एखादा भाऊ हळू बोलतो, पुढे पुढे करत नाही, त्याला आपण नम्र म्हणतो. एखादी बहीण स्पष्ट बोलते, काम हाती घेते, तिच्याविषयी आपण शंका घेतो. पवित्र शास्त्र मात्र माणसाचा आवाज मोजत नाही. माणूस गरजेच्या वेळी कोणाकडे वळतो, हे ते पाहते.

आजच्या अभ्यासाचा मुख्य विचार पेत्राच्या पहिल्या पत्रातल्या पाचव्या अध्यायात आहे. सहाव्या वचनात पेत्र सांगतो की देवाच्या समर्थ हाताखाली लीन व्हा. सातव्या वचनात तो सांगतो की आपली सगळी चिंता त्याच्यावर टाका, कारण तो तुमची काळजी घेतो. बऱ्याच भाषांतरांत ही दोन वेगळी वाक्ये होतात, त्यामुळे आपण ती दोन वेगळ्या आज्ञा म्हणून वाचतो: एक नम्रतेची, दुसरी चिंतेविषयीची. मूळ ग्रीक भाषेत ते एकच वाक्य आहे. चिंता त्याच्यावर टाकत लीन व्हा, असा त्याचा ओघ आहे. म्हणजे चिंता देवाच्या हाती देणे हीच लीन होण्याची रीत आहे. जो आपले ओझे देवाला देत नाही, तो कितीही वाकून चालला तरी अजून देवाच्या हाताखाली लीन झालेला नाही.

हा विचार मनात ठेवून आपण पुढे जाऊ या.

१. नम्रतेचा देखावा

साक्ष देताना आपण सहज म्हणतो, “मी काहीच नाही, सगळे प्रभूनेच केले.” हे शब्द खरे आहेत. पण ते ओठांवर रुळले की त्यांच्या आड दुसरेच काही दडू शकते. ज्या कामाचे श्रेय आपण सभेत प्रभूला देतो, त्या कामासाठी आपण घरी किती वेळ प्रार्थना केली होती? काम सुरू करण्यापूर्वी प्रभूची आठवण झाली नाही आणि संपल्यावर मात्र त्याचे नाव घेतले, तर ती शिष्टाचाराची नम्रता झाली.

दुसरा देखावा याच्या उलट असतो. “मला जमणार नाही, मी लायक नाही,” असे म्हणून आपण सेवेतून अंग काढून घेतो. मोशेचे पाहा. निर्गम ३:११ मध्ये तो देवाला विचारतो की फारोकडे जाणारा मी कोण? देव त्याला रागावत नाही. मी तुझ्याबरोबर असेन, असे उत्तर देतो. पण मोशे एकामागून एक सबबी सांगत राहतो, आणि निर्गम ४:१३ मध्ये दुसऱ्या कोणाला तरी पाठव, असे म्हणतो. तेव्हा मात्र देवाचा राग भडकतो. पहिल्या प्रश्नात मोशेला आपली दुर्बलता दिसत होती. शेवटच्या उत्तरातही त्याला तीच दिसत होती, पण आता त्याला देवाचे सोबतीचे वचनही पुरेसे वाटत नव्हते. स्वतःकडेच पाहत राहणे हा अहंकाराचाच एक प्रकार आहे, मग आपण स्वतःला मोठे समजून पाहत असू किंवा लहान समजून. याच मोशेविषयी पुढे गणना १२:३ मध्ये लिहिले आहे की तो पृथ्वीवरच्या सर्व माणसांहून नम्र होता. तेव्हा तो लाखोंच्या समुदायाचा पुढारी होता. पुढारीपण आणि नम्रता एकत्र राहू शकतात, कारण मोशे आता प्रत्येक अडचण घेऊन देवासमोर जायला शिकला होता.

२. पेत्र हे कुठे शिकला?

१ पेत्र ५:५ मध्ये पेत्र नम्रता अंगावर बांधून घ्यायला सांगतो. त्याने वापरलेला ग्रीक शब्द, काम करताना सेवक जसे वस्त्र कमरेला गाठ मारून बांधतो, तसे बांधण्याचा आहे. तो वाचताना योहानाच्या तेराव्या अध्यायातली खोली डोळ्यांपुढे येते. तिथे प्रभू भोजनावरून उठतो, रुमाल कमरेला बांधतो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. पेत्राने हे अगदी जवळून पाहिले होते.

त्या रात्री पेत्र काय म्हणाला? माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीत, असे तो म्हणाला (योहान १३:८). ऐकायला हे किती नम्र वाटते! गुरूने शिष्याचे पाय धुवावेत हे त्याला सहन झाले नाही. पण प्रभूने हे म्हणणे मान्य केले नाही. मी तुला धुतले नाही तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही, असे त्याने सांगितले. आपण प्रभूसाठी काहीतरी करावे, हे पेत्राला आवडत होते. प्रभूने आपल्यासाठी करावे आणि आपण नुसते बसून ते घ्यावे, हे त्याला जड जात होते.

त्याच रात्री पुढे काय झाले ते पाहा. सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही, असे पेत्र ठामपणे म्हणाला (मत्तय २६:३३). मग गेथशेमाने बागेत प्रभूने त्याला जागे राहून प्रार्थना करायला सांगितले, आणि तो झोपला (मत्तय २६:४०-४१). ज्याला आपल्या बळाची खात्री होती, त्याला प्रार्थनेची गरज वाटली नाही. शेजारीच देवाचा पुत्र घाम गाळून प्रार्थना करत होता. पहाट होण्याआधी पेत्राने तीन वेळा प्रभूला नाकारले.

आपण अहंकार ओळखायला बोलण्यातला ताठा शोधतो. पेत्राची गोष्ट दुसरी खूण दाखवते, आणि ती म्हणजे प्रार्थना न करणे. उद्धट माणूस ओळखणे सोपे असते. आपल्याला देवाची गरज आज फारशी वाटत नाही, हे ओळखणे अवघड असते. म्हातारपणी पेत्राने जेव्हा लिहिले की लीन व्हा आणि चिंता त्याच्यावर टाका, तेव्हा ते अनुभवाचे बोल होते.

३. पुत्र स्वतः पित्यावर अवलंबून होता

कोणी म्हणेल, अवलंबून राहणे हे दुबळ्यांसाठी आहे. याचे उत्तर प्रभू येशूच्या जीवनात आहे. योहान ५:१९ मध्ये तो सांगतो की पुत्र स्वतः होऊन काही करू शकत नाही; पित्याला जे करताना पाहतो तेच तो करतो. ५:३० मध्ये तो हेच पुन्हा सांगतो. मार्क १:३५ मध्ये कफर्णहूमातल्या गर्दीच्या दिवसानंतर तो पहाटे अंधारातच उठून एकांतात प्रार्थनेला जातो. फिलिप्पै २:५-११ मध्ये पौल सांगतो की देवाच्या स्वरूपाचा असूनही त्याने स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले आणि वधस्तंभावरच्या मरणापर्यंत आज्ञापालन केले.

योहान १३:३ कडे विशेष लक्ष द्या. आपण देवापासून आलो आणि देवाकडे जाणार आहोत, पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे, हे जाणून येशू उठला आणि त्याने पाय धुतले. त्याने स्वतःला क्षुद्र समजून ते काम केले नाही. आपण कोणाचे आहोत हे त्याला पक्के ठाऊक होते, म्हणून खाली वाकल्याने त्याचे काही कमी होणार नव्हते. ज्याची ओळख पित्याच्या हाती सुरक्षित आहे, त्याला ती लोकांच्या नजरेत सांभाळत बसावे लागत नाही.

४. राजनांदगावच्या वाटेवर

आता आपल्या जवळची एक गोष्ट पाहू. रायपूरहून नागपूरकडे जाणारी गाडी दुर्ग सोडले की राजनांदगावला येते. पुढे डोंगरगढ, गोंदिया आणि मग नागपूर. आपल्यापैकी कित्येकांनी या मार्गाने अनेकदा प्रवास केला असेल. १८९० नंतरच्या काही वर्षांत याच मार्गावर, नागपूरहून राजनांदगावकडे येणाऱ्या गाडीत, एक मराठी कवी बसला होता. त्याचे नाव नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्म १८६१ साली कोकणातल्या चित्पावन ब्राह्मण घराण्यात झाला. संस्कृतचा गाढा अभ्यास, कवित्व, वक्तृत्व आणि वादविवादाची तयारी, हे सगळे त्यांच्यापाशी होते. धर्म कसा असावा याविषयी त्यांची स्वतःची ठाम मते होती. तरी हातात स्थिर नोकरी नव्हती. राजनांदगाव तेव्हा संस्थान होते, आणि तिथे काम मिळेल या आशेने ते निघाले होते.

डब्यात एक युरोपियन सहप्रवासी होता. त्याने टिळकांशी आदराने बोलणे सुरू केले. संस्कृत काव्यावर बोलणे झाले, मग धर्मावर झाले. निरोप घेताना त्याने टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली आणि वाचण्याचा शब्द घेतला. टिळकांना ते पुस्तक सुरुवातीला फारसे रुचले नाही. पण शब्द दिला होता, म्हणून ते वाचत राहिले. वाचता वाचता मत्तयाच्या पाचव्या अध्यायापाशी, डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले, आणि तिथून त्यांना पुढे हलवेना. मनातल्या कितीतरी प्रश्नांची उत्तरे त्यांना तिथे मिळू लागली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्या प्रवचनाचे पहिलेच वाक्य कोणाविषयी आहे? आत्म्याने दीन असलेल्यांविषयी (मत्तय ५:३). तिथे वापरलेला ग्रीक शब्द साध्या गरिबासाठी नाही. ज्याच्यापाशी काहीच नाही आणि ज्याला दुसऱ्यापुढे हात पसरावा लागतो, त्याच्यासाठी तो शब्द आहे. प्रभूच्या राज्याचे दार एवढे बुटके आहे. विद्या, घराणे, कीर्ती घेऊन आलेल्यालाही वाकूनच आत यावे लागते. टिळकांसारख्या विद्वानाने रेल्वेतल्या एका अनोळखी माणसाच्या हातून पुस्तक घेतले. ज्यांना इतरांना शिकवण्याची सवय होती, ते शिकणारे झाले. नम्रतेची सुरुवात पुष्कळदा अशीच होते. जे आपल्यापाशी नाही, ते दुसऱ्याच्या हातून घ्यायला आपण तयार होतो.

टिळकांना याची किंमत मोजावी लागली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्यापासून त्यांची काही वर्षे ताटातूट झाली. पुढे लक्ष्मीबाई परत आल्या. आधी त्यांनी आपले सोवळे-ओवळे वेगळे ठेवले, मग जातीभेद माणसाने केलेला आहे असे त्यांच्या मनाने घेतले आणि नंतर त्याही ख्रिस्ताकडे आल्या. त्यांनी हे सगळे ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लिहिले आहे. स्वतःच्या भीतीला, हट्टाला आणि चुकांना हसत हसत त्यांनी ते लिहिले, म्हणून ते पुस्तक आजही वाचले जाते. शाळेत फारसे न शिकलेल्या या बाईंनी टिळकांच्या मागे त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पूर्ण केले.

टिळकांच्या जीवनातली आणखी एक पायरी महत्त्वाची आहे. बाप्तिस्म्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ सेवा केल्यावर, गीते व अभंग मराठी मंडळ्यांत सर्वत्र गाइले जात असताना, १९१७ साली त्यांनी मिशनमधले काम सोडले आणि ख्रिस्ती संन्यासी म्हणून राहू लागले. सातारा येथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ९ मे १९१९ रोजी ते वारले. सगळ्यांनी नोकरी सोडावी असे यावरून शिकायचे नाही. शिकायचे ते हे की देवावर अवलंबून राहणे बाप्तिस्म्याच्या दिवशी संपत नाही. सेवा वाढते, नाव होते, लोक मान देतात, तेव्हाच आपण पुन्हा स्वतःच्या आधारावर उभे राहू लागतो. म्हणून तेव्हाच पुन्हा हात पसरायला शिकावे लागते.

५. भांडवल कोणाचे?

१ करिंथ ४:७ मध्ये पौल करिंथच्या मंडळीला विचारतो की तुझ्यापाशी असे काय आहे, जे तुला मिळालेले नाही? आणि मिळाले असेल, तर न मिळाल्यासारखी बढाई का मारतोस?

वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या मित्रांना हे लवकर समजेल. ताळेबंद मांडताना नवीन विद्यार्थी एका ठिकाणी हमखास गोंधळतो. मालकाने दुकानात घातलेले भांडवल मालमत्तेच्या बाजूला यावे, असे त्याला वाटते. पण भांडवल देण्यांच्या बाजूला लिहितात. कारण हिशेबाच्या दृष्टीने दुकान वेगळे आणि मालक वेगळा. दुकानात जी रोकड, जो माल आहे, तो मालकाच्या पैशातून आला, म्हणून दुकान मालकाचे देणे लागते. दुकान कितीही वाढले, नफा कितीही झाला, तरी तो नफा शेवटी मालकाच्या खात्यातच मिळवला जातो.

आपले जीवन असेच आहे. बुद्धी, आरोग्य, आईवडिलांनी दिलेले शिक्षण, गाण्याचा गळा, शिकवण्याचे दान, मंडळीतली जबाबदारी, हे सगळे आपण मालमत्तेच्या बाजूला लिहितो आणि बेरीज पाहून सुखावतो. दुसरी बाजू लिहायची राहून जाते. अनुवाद ८:१७-१८ मध्ये देव इस्राएलाला बजावतो की माझ्या बळाने मी ही संपत्ती मिळवली असे मनात म्हणू नकोस. मिळवण्याचे सामर्थ्य देणारा तुझा देव आहे. देव इथे संपत्ती खोटी आहे असे म्हणत नाही. ती कोणाकडून आली हे लिहून ठेव, असे तो म्हणतो.

म्हणून ज्याला चांगले गाता येते त्याने “मला गाता येत नाही” असे म्हणणे ही नम्रता नव्हे. ती खोटी नोंद झाली. गाता येते, आणि हे देवाने दिले आहे, या दोन्ही नोंदी केल्या की हिशेब जुळतो. असा हिशेब ठेवणाऱ्याला दुसऱ्याच्या यशाचा मत्सरही कमी वाटतो, कारण दोघांचेही भांडवल एकाच मालकाचे आहे.

६. पंडिता रमाबाई: धर्मापासून ख्रिस्तापर्यंत

टिळकांच्याच काळात पंडिता रमाबाई हे धडे दुसऱ्या वाटेने शिकत होत्या. त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी कुटुंबात मुलीला संस्कृत शिकवण्याचे धाडस केले. दुष्काळाच्या काळात रमाबाईंनी आईवडील गमावले आणि भावाबरोबर देशभर पायी प्रवास केला. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले.

एवढे सगळे झाल्यावर रमाबाईंनी आपल्या साक्षीत जे लिहिले, ते आपल्याला थांबवून विचार करायला लावते. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण स्वतः ख्रिस्त मिळालेला नाही. बुद्धीला पटले म्हणून त्यांनी विश्वास स्वीकारला होता. आता पापी म्हणून त्यांना तारणाऱ्याची गरज दिसली. जगभर नाव झालेल्या, संस्था चालवणाऱ्या, लोकांना मार्ग दाखवणाऱ्या बाईने हे लिहून ठेवावे, ही केवढी लीनता! आपल्यापैकी जे अनेक वर्षे चळवळीत आहेत, शिबिरे घेतात, अभ्यासगट चालवतात, त्यांनी रमाबाईंचे हे म्हणणे स्वतःशी ताडून पाहावे.

पुढे १८९६-९७ चा मोठा दुष्काळ मध्य प्रांतात पडला. आजचा छत्तीसगढचा बराचसा भागही तेव्हा त्याच प्रांतात होता. रमाबाईंनी लहानपणी भूक भोगली होती, म्हणून त्यांना घरी बसवेना. त्या दुष्काळी भागात गेल्या आणि अनाथ मुली व विधवांना घेऊन आल्या. शारदा सदनासाठी अमेरिकेतल्या मित्रांनी दहा वर्षे मदत करण्याचे कबूल केले होते. या नव्या मुलींसाठी असा कोणाचाही शब्द नव्हता. त्यांना खाऊ कोण घालणार? जॉर्ज म्युलर आणि चायना इनलँड मिशन यांच्याविषयी रमाबाईंनी वाचले होते, आणि माणसांच्या आश्वासनाविना केवळ देवाकडे मागून काम चालवता येते का, हा प्रश्न त्यांच्या मनात घोळत होता. आता तो प्रश्न भुकेल्या मुलींच्या रूपाने दारात उभा राहिला. पुणे जिल्ह्यातल्या केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले.

केडगावला प्रार्थना होत होती, आणि विहिरीही खणल्या जात होत्या. मळा होता, विणकाम होते, छापखाना होता, शाळा होती. देव देईल असा विश्वास असलेल्या त्या बायका पहाटेपासून राबत होत्या. ज्या रमाबाईंना संस्कृतातली सरस्वती म्हणून गौरवले गेले, त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षे साध्या बायकांना समजेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर करण्यात घालवली. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. विद्येचा मान त्यांनी खाली ठेवला आणि विद्या मात्र वापरली.

७. बांध आपला, पाऊस देवाचा

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. देवावर अवलंबून राहणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे.

अनुवाद ११:१०-१५ वाचा. मिसर देशात शेताला पाणी स्वतः पोहोचवावे लागे, भाजीच्या मळ्याला देतात तसे. वचनदत्त देश मात्र डोंगरदऱ्यांचा, आकाशातला पाऊस पिणारा होता. देवाने आपल्या लोकांना नदीकाठच्या खात्रीच्या पाण्यापासून काढले आणि दरवर्षी आकाशाकडे पाहावे लागेल अशा जमिनीवर नेले. त्या जमिनीवर त्याची नजर वर्षाच्या आरंभापासून शेवटापर्यंत असते, असे वचन त्याने दिले.

छत्तीसगढच्या धानशेतीत हे रोज दिसते. इथले पुष्कळ शेतकरी बियासी पद्धतीने धान पेरतात. पावसाच्या सुरुवातीला बी फोकून पेरतात. महिनाभरात रोपे उभी राहतात आणि शेतात पाणी साचते, तेव्हा त्या उभ्या पिकातूनच नांगर फिरवतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते की पीक नासले. पण त्यामुळे तण मोडते, दाटी कमी होते आणि उरलेली रोपे जोमाने वाढतात. या सगळ्यासाठी शेतात पुरेसे पाणी साचलेले असावे लागते. ते पाणी शेतकऱ्याला आणता येत नाही. पण बांध घालून ठेवणे त्याच्या हाती असते. बांध फुटका असेल तर आलेला पाऊस वाहून जातो. बांध पक्का असून पाऊस आला नाही, तर नांगर थांबतो.

प्रार्थना, वचनाचा अभ्यास, प्रामाणिक कष्ट, वेळेचे नियोजन, हे आपले बांध आहेत. नहेम्या ४:९ मध्ये यहूदी लोक देवाची प्रार्थना करतात आणि पहाराही बसवतात. स्तोत्र १२७:१ सांगते की परमेश्वर घर बांधत नसेल तर बांधणाऱ्यांचे श्रम व्यर्थ आहेत. म्हणजे बांधणारे कष्ट करतातच. परीक्षा असेल तर अभ्यास करा. आजारी असाल तर डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्यासाठी प्रार्थनाही करा. बांधालाच पाऊस समजणे हा अहंकार आहे, आणि बांध न घालता पावसाची वाट पाहणे हा आळस आहे.

कधी कधी देव आपल्या उभ्या पिकातून नांगर फिरवतो. चाललेले काम थांबते, भरलेला गट पांगतो, ठरलेली योजना मोडते. प्रत्येक नुकसानीचे कारण आपल्याला कळेलच असे नाही. पण शेताचा धनी नासधूस करायला आलेला नाही, एवढे धरून राहता येते.

८. काटा तसाच राहिला तर?

२ करिंथ १२:७-१० मध्ये पौल आपल्या देहातल्या काट्याविषयी लिहितो. तो निघावा म्हणून त्याने तीन वेळा विनवणी केली. काटा निघाला नाही. माझी कृपा तुला पुरेशी आहे, माझे सामर्थ्य दुर्बलतेत पूर्ण होते, असे उत्तर मिळाले.

देवावर अवलंबून राहणाऱ्याची प्रत्येक अडचण सुटते, असे आपण शिकवू नये. ज्या बहिणीचे मूल बरे झाले नाही, ज्या भावाला तीन वर्षे नोकरी मिळाली नाही, त्यांना “तुमचा विश्वास कमी पडला” असे सांगणे फार सोपे असते, आणि ते सांगणारा स्वतः अहंकारात उभा असतो. पंडिता रमाबाईंची एकुलती मुलगी मनोरमा १९२१ साली आईच्या आधी वारली. कामाची वारस म्हणून रमाबाई तिच्याकडे पाहत होत्या. तरी त्या आपल्या भाषांतराच्या कामावर परत बसल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा अंत होण्यापूर्वी ते काम त्यांनी पुरे केले. त्यांचे दुःख लहान होते असे कोणी म्हणू नये. त्या दुःखातही त्यांचा आधार सुटला नाही, एवढेच आपण पाहू शकतो.

इथे पुन्हा १ पेत्र ५:७ आठवा. चिंता टाकायची, कारण तो काळजी घेतो. चिंता टाकली की कारण नाहीसे होईल, असे पेत्र म्हणत नाही. ओझे कोणाच्या खांद्यावर असेल, एवढे बदलते. आणि चिंता वाटते म्हणून स्वतःला दोषी ठरवत बसू नका. चिंता येणे हे पाप मोजण्याचे साधन नव्हे. ती देवाकडे जाण्याची वेळ झाल्याची हाक आहे.

९. या आठवड्यासाठी

अभ्यास वाचून संपू नये म्हणून पुढील गोष्टी करून पाहा.

सकाळी मोबाईल हाती घेण्याआधी पाच मिनिटे प्रभूपुढे बसा, आणि त्या दिवशीची तीन कामे नाव घेऊन त्याला सांगा. ज्या कामात तुम्ही तरबेज आहात, ते काम आधी सांगा. प्रार्थना तिथेच सर्वांत जास्त राहून जाते.

कोणाची तरी मदत मागा. न समजलेला विषय वर्गमित्राला विचारा, घरातले काम लहान भावाकडून शिकून घ्या, गटातल्या एखाद्याला “माझ्यासाठी प्रार्थना कराल का?” असे विचारा. देणारे होणे पुष्कळांना जमते. पेत्राप्रमाणे पाय पुढे करणे अवघड जाते.

कोणाला सांगायचे नाही असे एक काम करा. सभेनंतर सतरंज्या गोळा करणे, भांडी घासणे, आजारी माणसाला भेटून येणे, काहीही चालेल. फोटो काढू नका.

कोणी चूक दाखवली तर त्याच दिवशी उत्तर देऊ नका. एक रात्र जाऊ द्या, प्रार्थना करा, आणि त्यात जे खरे असेल ते स्वीकारा.

विचारासाठी व चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या आठवड्यात कोणत्या कामासाठी तुम्ही अजिबात प्रार्थना केली नाही? का?
२. योहान १३:८ मध्ये पेत्राने पाय धुऊ देण्यास नकार दिला. कोणाची मदत घेणे तुम्हाला सर्वांत जड जाते?
३. मोशेच्या पहिल्या प्रश्नात आणि शेवटच्या नकारात काय फरक आहे? तुम्ही आज कुठे उभे आहात?
४. तुमच्या जीवनात कोणता बांध फुटका आहे? आणि कोणत्या गोष्टीत तुम्ही बांधालाच पाऊस समजत आहात?
५. तुमच्या गटात कोणाचा काटा तसाच राहिला आहे? त्या व्यक्तीजवळ उपदेश न करता कसे बसता येईल?

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, आमच्यापाशी जे आहे ते तुझ्याकडून आले, हे आम्ही कबूल करतो. आम्ही तोंडाने नम्र बोललो आणि मनाने स्वतःवरच भिस्त ठेवली, त्याबद्दल आम्हांला क्षमा कर. प्रभू येशू, तू आमचे पाय धुऊ इच्छितोस, आम्हांला ते पुढे करायला शिकव. आमचे शिक्षण, आमची नोकरी, आमचे घर आणि आमची सेवा तुझ्या हाताखाली घे. आज जी चिंता आम्हांला झोपू देत नाही, ती आम्ही नाव घेऊन तुझ्यावर टाकतो. जे उत्तराची वाट पाहून थकले आहेत, त्यांना तुझी कृपा पुरव. तुझ्या नावाचा गौरव होवो. येशूच्या नावाने मागतो. आमेन.